कडीला हात लावला की थांबव

आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांना पिक्चर बघताना हसायची परवानगी होती, पण विनोद झाल्यानंतर. आधी कुणी हसलं की वरचे काका टीव्हीशेजारून म्हणत, "थांबा. विनोद अजून यायचाय." मग आम्ही थांबायचो. विनोद यायचा. काका मान हलवायचे, आणि आम्ही हसायचो.

वरचे काका म्हणजे डोंबिवली पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर, बरोबर गच्चीखाली राहणारे. नोकरी ठाण्याला, एका सरकारी कचेरीत. तिथे ते काय करायचे हे मला आजही सांगता येणार नाही, पण घरी ते व्हीसीआर सांभाळायचे. बिल्डिंगमध्ये व्हीसीआर एकच होता आणि त्याला कॅसेटही एकच होती. स्टेशनजवळ कॅसेटी भाड्याने मिळायच्या, नाही असं नाही. पण लोकांच्या कॅसेटी कुठून कुठून फिरून येतात, त्या आपल्या मशीनमध्ये घालायच्या नाहीत, असा काकांचा नियम. बाहेरच्या माणसाच्या हातचं पाणी न पिणारे लोक असतात ना, तसं.

त्यामुळे आमचं सगळं लहानपण एकच पिक्चर बघण्यात गेलं. दिवाळीच्या सुट्टीत तोच, मे महिन्यात तोच, कुणाचा वाढदिवस असला तरी तोच. आम्ही त्याला 'आपला पिक्चर' म्हणायचो. खरं नाव सांगत नाही. सांगितलं तर कुणीतरी शोधून बघेल, आणि पुढे माझी जी शोभा झाली ती पुन्हा एकदा होईल. कौटुंबिक होता, एवढं पुरे. दोन भाऊ. थोरला धाकट्याला वाढवतो, मग काहीतरी गैरसमज होतो आणि धाकटा घर सोडून जातो. थोरला एकटाच त्या घरात राहतो. आणि शेवटी एके संध्याकाळी दार वाजतं.

काकांकडे जायची पद्धत ठरलेली. "आधी पाय, मग पिक्चर," असं म्हणून ते दारातच उभे असायचे. चपला बाहेर काढायच्या, सरळ मोरीत जायचं, पाय धुवायचे, फडक्याला पुसायचे, मग सतरंजी. चपला वाकड्या राहिल्या तर काका ओरडायचे नाहीत. तुमच्याशी बोलता बोलता, खाली न बघता, पायाच्या अंगठ्याने त्या सरळ करायचे. या एका गोष्टीत त्यांचा पाय आमच्या हातांपेक्षा हुशार होता.

पिक्चर चालू असताना ते कधी बसले नाहीत. टीव्हीशेजारी उभे राहायचे, वर्गात फळ्याशेजारी उभं राहावं तसे. मधूनच सूचना: "आता हा खोटं बोलणार आहे, लक्ष ठेवा." "हिचं ऐकू नका, ही पुढे बदलते." आणि लाइट गेले, जे तेव्हा डोंबिवलीत रोज जायचे, तर पिक्चर थांबायचा नाही. काका अंधारात पुढचे संवाद म्हणायला लागायचे. थोरल्याचा आवाज जाड, धाकट्याचा बारीक, बाईचा आवाज मात्र स्वतःचाच. लाइट आले की टेप तिथून लावायची असं तुम्हाला वाटेल. नाही. काकांचं जिथपर्यंत बोलून झालं असेल तिथपर्यंत टेप पुढे नेली जायची. झालेलं पुन्हा कशाला?

काकू तेव्हा स्वयंपाकघरात असायच्या आणि मध्यंतराला चिवडा द्यायच्या. आजी, म्हणजे काकांची आई, कॉटवर बसून आमच्याबरोबर पिक्चर बघायच्या. त्या फार बोलायच्या नाहीत. शेवटी एक शब्द बोलायच्या, तो पुढे येईल.

आता शेवट. थोरला कंदील लावून बसलाय, दार वाजतं, तो उठतो, कडीला हात लावतो, आणि इथे काका मशीन बंद करायचे. पुढचं ते स्वतः सांगायचे. टीव्हीच्या पुढ्यात येऊन, कडी काढल्यासारखा हात करून:

"दार उघडलं. बाहेर धाकटा. थोरल्यानं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. आणि म्हणाला, 'आलास तर आलास. चपला बाहेर काढ.' आणि आत गेला. संपला पिक्चर."

कुणीतरी विचारायचंच, "मग?"

"मग काय मग. जेवले."

आणि कॉटवरून आजी म्हणायच्या, "बरोबर."

मशीन बंद करायचं कारण असं, की कडीच्या पुढे त्या कॅसेटवर क्रिकेटची मॅच होती. एकदा काकांचं बोट जरा उशिरा पडलं आणि थोरल्याने कडी काढताच हेल्मेट घातलेला माणूस मान खाली घालून चालत आला. मी लहान होतो. धाकटा भाऊ घर सोडून क्रिकेट खेळायला गेलेला, तिथे शून्यावर आउट झाला, म्हणून थोरला त्याच्याशी असं तुटक बोलतो, अशी माझी समजूत झाली. शाळेत 'माझा आवडता चित्रपट' हा निबंध आला तेव्हा मी तसं लिहूनही दिलं. बाईंनी खाली लाल शाईत नुसतं प्रश्नचिन्ह काढलेलं.

मॅच तिथे कशी आली हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. हा पिक्चर टीव्हीवर लागला तेव्हा काकांनी तो रेकॉर्ड करायला घेतला. शेवट जवळ आला आणि चित्र हलायला लागलं. काका गच्चीवर धावले आणि अँटेनाचा दांडा धरून उभे राहिले. काकू गॅलरीत उभ्या, खोलीतून कुणी "दिसतंय" म्हणालं की वर "दिसतंय" म्हणायला. खोलीत टीव्हीसमोर दोनच माणसं, आजी आणि काकांचा धाकटा भाऊ. काकांनी दांडा धरला तो पिक्चर संपेपर्यंत सोडला नाही. शेवट कॅसेटवर नीट आला. काकांनी तो पाहिला नाही. रविवारी सावकाश बघू म्हणाले.

त्या रविवारी सकाळी काका-काकू टिटवाळ्याला गणपतीला गेले. मागे मॅच होती. धाकट्या भावाने मशीनमध्ये होती तीच कॅसेट, जराशी मागे गेलेली, न बघता रेकॉर्डला दाबली.

संध्याकाळी काकांनी पाय धुतले, कॅसेट लावली, आणि थोरल्याने कडीला हात लावला तेव्हा मॅच सुरू झाली. त्यावर ते म्हणाले, की मी वर दांडा धरून उभा होतो, आणि तुला खाली बसून बघितलेलंही राखता आलं नाही. आता या दारातून आत येऊ नकोस. धाकटा म्हणाला, कॅसेटच्या पाठीमागची पट्टी तोडली असती तर तिच्यावर दुसरं काही भरलंच गेलं नसतं, ती का तोडली नाहीस? हे खरं आहे, कॅसेटला तशी एक प्लास्टिकची पट्टी असायची. पण काकांच्या मते नवीन वस्तूची मोडतोड करणं हे माणसाचं लक्षण नव्हे. धाकटा टिटवाळ्याच्या अलीकडे मोहन्याला कारखान्यात लागला आणि तिकडेच राहिला. आजी दोन्हीकडे जाऊन येऊन असायच्या. त्या गेल्या तेव्हा दोघे भाऊ अंत्यविधीला आले, दोन बाजूंना उभे राहिले आणि दोन रिक्षांनी परत गेले. काकांनी तो शब्द मागे घेतला नाही आणि धाकटा त्या दारातून आला नाही. दोघेही शब्दाचे पक्के, हीच अडचण.

मला मात्र काकांचा शेवट हाच पिक्चरचा शेवट वाटायचा. शंका यायचं कारणच नव्हतं, आजी बरोबर म्हणायच्या.

या खात्रीपायी माझं लग्न मोडता मोडता राहिलंय. मुलगी बघायला ठाण्याला गेलेलो. आम्हाला बोलायला गॅलरीत पाठवलं. आवडता पिक्चर कुठला, असं मी विचारलं, आणि काय योग बघा, तिचाही तोच. मी खूश होऊन शेवट सांगितला, चपलांसकट, कडीचा हात करून. ती म्हणाली, असं काही नाहीये त्यात. ते मिठी मारतात आणि पाऊस येतो. मी जरा वडीलधाऱ्यासारखं हसलो आणि म्हणालो, की तुम्ही कापलेला पिक्चर पाहिला असणार. ती म्हणाली, "कापतात तेव्हा पाऊस घालतात का?"

लग्न झालं. पण हा मुद्दा संपला नाही. गॅसची टाकी, मुलीचं नाव, सासूबाईंचं ऑपरेशन, कुठलाही वाद शेवटी तिथे यायचा: ज्या माणसाला पिक्चरचा शेवट माहीत नाही त्याने आम्हाला सांगू नये.

आता आमची बिल्डिंग पाडणार आहेत. नवीन टॉवर होईल. तोपर्यंत सगळे भाड्याने इकडेतिकडे, आणि काका-काकू मुलाकडे ठाण्याला, कुठल्याशा विसाव्या की बाविसाव्या मजल्यावर. जाण्याआधी जुन्या-नव्या सगळ्यांनी एकदा जमावं असं ठरलं. काय करायचं यावर मीटिंगमध्ये कुणी ऑर्केस्ट्रा म्हणालं, कुणी हाउजी. मी म्हणालो, गच्चीवर पडदा लावून आपला पिक्चर बघू. टाळ्या पडल्या. मला टाळ्या क्वचित पडतात, त्यामुळे मी लगेच सगळी जबाबदारी घेतली.

पिक्चर मोबाइलवर सापडला, कुणीतरी इंटरनेटवर टाकलेला. मी पहिली दहा मिनिटं बघितली, चित्र ठीक, आवाज ठीक. बायको म्हणाली, "शेवट बघून घे." मी म्हणालो, तो मला पाठ आहे.

काकांना सांगायला वर गेलो. पाय धुतले. काका आता ऐंशीच्या पुढे, पण अजून उभेच. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि एक अट घातली. "कडीला हात लावला की थांबव. पुढचं मी सांगेन." मी शब्द दिला.

मग मी आपल्या नेहमीच्या पद्धतीने घोटाळा केला. जुन्या रहिवाशांचा मोबाइलवर ग्रुप आहे, त्यात आमंत्रण टाकलं, 'सर्वांनी सहकुटुंब यावे'. त्या ग्रुपवर काकांची पुतणी आहे. तिचा लगेच निरोप: बाबांना घेऊन येतेय. बाबा म्हणजे मोहन्याचे धाकटे. मी निरोप वाचला, मोबाइल उलटा ठेवला आणि जेवलो.

दुसऱ्या दिवशी काका भाजी आणायला गेलेत असं बघून मी काकूंना गाठलं. काकू मेथी निवडत होत्या. मी चूक सांगितली आणि म्हणालो, पुतणीला फोन करून काहीतरी सांगून टाळतो. काकूंनी मान वर केली नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "यांनी बोलून ठेवलंय ते या दाराबद्दल. त्यानेही धरून ठेवलंय ते या दाराबद्दल. पुढच्या महिन्यात दारच पाडतायत. मग आत बोलवायचं म्हटलं तरी कुठून बोलावणार? ठाण्याच्या दारातून आला तर त्याला आला म्हणत नाहीत हे."

"काकांना सांगू का, ते येतायत म्हणून?"

"तू काही करू नकोस. तू केलंस की होतं काहीतरी."

ठरल्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर सतरंज्या घातल्या. म्हाताऱ्यांना मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. पडद्याची चादर बांधायला जागा शोधताना मला जुन्या अँटेनाचा दांडा दिसला, कठड्याला घट्ट बसवलेला, गंजलेला. तिथेच एक टोक बांधलं. काका आले, त्यांनी दांड्याकडे एकदा बघितलं आणि त्याच्याशेजारी उभे राहिले. नंतर गच्चीच्या दाराशी जाऊन सगळ्यांच्या चपला पायाने ओळीत लावल्या.

धाकटे तेवढ्यात मुलीचा हात धरून जिना चढून आले. गुडघे गेलेले. चपला काढल्या, त्या काकांच्या पायाशीच. काकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि पडद्याकडे गेले. ओळीतल्या सगळ्या चपला सरळ होत्या, तो एक जोड वाकडा राहिला. धाकटे मागच्या खुर्चीवर बसले.

पिक्चर सुरू झाला आणि आवाज गेला. स्पीकरची वायर कोपऱ्यात पिनेशी दाबून धरली की यायचा, सोडली की जायचा. कार्यक्रम माझा, त्यामुळे वायर मी धरली, धाकट्यांच्या खुर्चीमागे उभा राहून. लॅपटॉप बायकोच्या मांडीवर दिला आणि सांगितलं, कडीला हात लावला की थांबव. ती म्हणाली, "बरं."

मोठेपणी तो पिक्चर बघणं ही वेगळीच गोष्ट निघाली. थोरला भाऊ मला लहानपणी म्हातारा वाटायचा. तो माझ्यापेक्षा बराच लहान निघाला, आणि मिशी चिकटवलेली. विहिरीच्या ज्या प्रसंगाला आम्ही सगळे रडायचो त्यातली विहीर पुठ्ठ्याची होती, धाकटा टेकला की हलायची. तरी मी रडलो. हात वायरीत अडकलेले, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत. माझी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी हसायला लागल्या, तसे पडद्याशेजारून काका म्हणाले, "थांबा. विनोद अजून यायचाय." मुली गप्प झाल्या. विनोद आला. आम्ही चाळिशीपुढचे सगळे एकदम हसलो.

मग कंदील. मग दार वाजलं. थोरला उठला, त्याने कडीला हात लावला. मी बायकोकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं, लॅपटॉपवरचे हात उचलले आणि घडी घालून मांडीवर ठेवले. मला वायर सोडता येत होती, नाही असं नाही. पण वर्षानुवर्षं तीही या कडीपाशीच थांबलेली होती, हे मला तेव्हा दिसलं.

कडी निघाली. वीज कडाडली. पाऊस आला. धाकट्याने थोरल्याचे पाय धरले, थोरल्याने त्याला उचलून मिठी मारली, मागे गाणं सुरू झालं. मिठी सुटेना. गावातले लोक कंदील घेऊन जमले. बैलही आला. भिंतीवरच्या आईच्या फोटोवरून फूल पडलं, ते पडताना तीन वेळा दाखवलं. काका दांड्याला हात लावून, मान वळवून बघत होते. जिथे उभं राहिल्यामुळे हे बघायचं राहिलं होतं, नेमके तिथेच.

पडदा पांढरा झाला. काकांनी सगळ्या डोक्यांवरून मागे बघितलं. माझी बायको सोडली तर हा शेवट आधी पाहिलेला माणूस तिथे एकच होता, त्यालाच त्यांनी विचारलं.

"हे असं आहे?"

"असंच आहे," धाकटे म्हणाले.

"पाऊस पण?"

"पाऊस पण. पट्टी तोडायला हवी होतीस दादा."

"नवी कॅसेट होती. नवी वस्तू कोण मोडतं?"

काका पांढऱ्या चादरीकडे वळले. मग म्हणाले, "मी वेगळा सांगायचो. आई बरोबर म्हणायची."

आजींनी तर तो शेवट टीव्हीसमोर बसून पाहिलेला. पाऊस, बैल, फूल, सगळं. हे गच्चीवरच्या प्रत्येकाच्या एकदमच लक्षात आलं असावं, कारण काकूंनी पदर तोंडाला लावला.

"बरोबर म्हणायची?" धाकट्यांनी विचारलं.

"दर वेळी."

"मग तेच बरोबर."

लोक उठले, सतरंज्या झटकल्या, आइस्क्रीम वाटलं गेलं. मी वायर सोडली, बोटं वाकडीच राहिली. प्रोजेक्टर काखोटीला मारून जिना उतरायला लागलो, तर पुढे धाकटे, कठडा धरून, एकेक पायरी. मुलगी मागे आइस्क्रीमसाठी थांबलेली. जिन्यावरून खाली आलं की पहिलं दार काकांचं. काका आधीच पोचलेले. दार उघडं होतं आणि ते कडीला हात लावून उभे होते.

धाकटे थांबले. मीही वरच थांबलो, जायला वाट नव्हती आणि असती तरी गेलो नसतो.

काकांनी भावाला खालपासून वरपर्यंत बघितलं. गुडघ्यांपाशी जरा जास्त वेळ.

"आलास तर आलास," ते म्हणाले. "चपला बाहेर काढ."

आणि आत गेले. धाकट्यांनी भिंतीला हात टेकून चपला काढल्या आणि आत गेले. मोरीतला नळ वाजला. काका परत दाराशी आले. मी पायरीवर प्रोजेक्टर घेऊन उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खाली न बघता अंगठ्याने त्या चपला सरळ केल्या. मग दार लावलं.

बायको खाली आली तेव्हा मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होतो. ती जिंकली होती. तिने पडद्याची चादर खुर्चीवर टाकली आणि वरच्या मजल्याकडे मानेने खूण केली.

"मग?"

"मग काय मग," मी म्हणालो. "जेवले."